शस्त्रक्रियागृहातील भाषा आणि नवपदवीधर परिचारिका

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा कारखान्यांचा व अखंड वाहतुकीचा आहे. प्रेसखाली सापडलेला हात किंवा वाहनाच्या अपघातात पोटास बसलेला मार घेऊन येणाऱ्या रुग्णावर पुष्कळदा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. त्या वेळी टेबलापाशी उभी असलेली परिचारिका कदाचित चार वर्षांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण करून आलेली असते. तिची अडचण हातांच्या कौशल्याइतकीच भाषेचीही असते. प्रस्तुत लेखात तिच्या ह्याच बाजूचा विचार करावयाचा आहे.

पहिली अडचण शब्दांची. ‘कोचर’ हे १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या स्विस शल्यचिकित्सकाचे नाव; शस्त्रक्रियागृहात मात्र ते चिमट्याचे सामान्यनाम होय. अशी नामे पाठ असणे वेगळे आणि ‘कोचर!’ एवढा एकशब्दी उच्चार कानी पडताच ते उपकरण हाती देणे वेगळे.

दुसरी अडचण श्रवणाची. भोवती गोंगाट जितका अधिक, तितका बोलणाऱ्याचा चेहरा पाहण्याचा श्रोत्याला अधिक उपयोग होतो, हे सम्बी व पोलक ह्यांनी १९५४ साली दाखविले. मुखपट्टीमुळे प, ब, म ह्या वर्णांचे ओष्ठमीलन दिसत नाही. औषधांची मात्रा इंग्रजीत सांगितली जाते, तेथे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ ह्यांत गफलत सहज होते. म्हणून ‘एक-पाच’ असे सुटे अंक उच्चारणे आणि ऐकणाऱ्याने ते मोठ्याने पुन्हा म्हणणे, हा शिष्टाचार नसून सुरक्षेचा उपाय आहे.

तिसरी अडचण सर्वांत बिकट, ती म्हणजे आदराची. आत ठेवलेल्या मॉपची मोजणी जुळली नाही, तर नवखी परिचारिका विचारते, “सर, पुन्हा मोजायचे का?” अनुभवी परिचारिका सांगते, “सर, एक मॉप कमी आहे. पोट बंद करू नका.” पहिल्या वाक्यात प्रश्नाच्या आडून माघार घेतलेली आहे; दुसऱ्यात आदर आहे आणि निर्णयही आहे. भिडेपोटी मूळ माहितीच वगळली गेली, तर किंमत रुग्ण मोजतो. गवांदे व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तातडीच्या शस्त्रक्रियेत वस्तू शरीरात राहून जाण्याचा धोका सुमारे नऊपट आढळला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया-सुरक्षेची तपाससूची प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळी ती मोठ्याने वाचावयाची असते. आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ सालच्या अहवालानुसार ती लागू केल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तिचे मर्म असे, की ती कनिष्ठाला बोलण्याची परवानगी देऊन थांबत नाही, तर बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरविते. कर्तव्य म्हणून उच्चारलेले वाक्य उद्धटपणाचे वाटत नाही.

तेव्हा नव्या परिचारिकेच्या प्रशिक्षणात उपकरणांच्या ओळखीबरोबरच “सर, थांबा” हे शब्द मोठ्याने उच्चारण्याचा सरावही असावा, आणि ते ऐकून घेण्याचा सराव वरिष्ठांनी करावा.