स्टंपवरचं एक रुपयाचं नाणं

शिवाजी पार्कच्या नेटमध्ये सचिन दमला की आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करेल त्या गोलंदाजाचं नाणं. कोणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. मला गंमत वाटते ती बक्षीस एवढुसं असण्याची. रुपयासाठी कोणी वैर धरत नाही, पण शेवटचा अर्धा तास आळसही करत नाही.

१८९८ मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाशी झुंजण्यापेक्षा सोबत स्पर्धक असला की वेग वाढलेला दिसला. (मुलांवरच्या त्यांच्या प्रयोगात मात्र काहीजण चुरशीने उलट गडबडले.)

आमची पैज कटिंगची. रविवारी पहाटे मी आणि भांडुपचा मित्र गोरेगाव-मुलुंड लिंक रोडला धावतो. चहाच्या त्या दहा-बारा रुपयांपायी माझं मध्येच चालत सुटणं बंद झालं! जोडीदार आपल्यापेक्षा थोडाच सरस निवडा. फार पुढचा असला तर नुसती पाठ दिसते. सहा महिने मी तीच बघितली.

नाहूरकर कोणी असेल तर रविवारी साडेपाचला स्टेशनच्या पश्चिमेला या. चहा हरणाऱ्याकडून.