संधिवाताच्या रक्तचाचण्या : आठ दशकांचा मागोवा

संधिवाताचे निदान रक्तातून करण्याच्या प्रयत्नांना खरी दिशा १९४० मध्ये मिळाली. आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाच्या रक्तद्रवामुळे प्रतिपिंड चढवलेल्या मेंढीच्या लाल पेशींच्या गुठळ्या होतात, हे नॉर्वेच्या एरिक वालर यांनी दाखवले. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ यांनाही तेच आढळले आणि ‘आरए फॅक्टर’ची चाचणी रूढ झाली. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज यांनी ल्युपसची एलई पेशी नोंदवली. पुढे १९५७ मध्ये फ्रायू यांची एएनए चाचणी आली, १९७३ मध्ये मणक्याच्या संधिवाताशी एचएलए-बी२७ चे नाते उलगडले आणि शतक सरताना अँटी-सीसीपी हाती आली.

प्रत्येक चाचणीने आशा वाढवली आणि वापर वाढला तशी प्रत्येकीची मर्यादाही दिसली. आरए फॅक्टर क्षयरोगात, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सी मध्ये आणि उतारवयात निरोगी माणसातही सापडतो. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात एक-चाळीसांश पातळीवर सुमारे एकतृतीयांश निरोगी लोकांची एएनए पॉझिटिव्ह निघाली.

आपल्याकडचा हिशेब करून पाहावा. पुणे जिल्ह्यातील भिगवणच्या पाहणीत आमवाताचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले. हजार जणांची सरसकट आरए फॅक्टर तपासणी केली, तर त्या पाचांपैकी चौघे पॉझिटिव्ह येतील. पण निरोगी लोकांपैकी पाच टक्के धरले तरी आणखी पन्नास जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन घाबरलेल्या बहुतेकांना आमवात नसेलच. तेच रक्त सकाळी तासभर बोटे आखडणाऱ्या, मनगटे सुजलेल्या बाईचे असेल, तर त्या रिपोर्टचे वजन कितीतरी वाढते.

आमवाताच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी ही समज पक्की केली. निदान एक तरी सांधा सुजलेला असल्याशिवाय ते लागूच होत नाहीत. दहापैकी सहा गुण लागतात; आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि दाह दाखवणाऱ्या सीआरपी व ईएसआर यांचे मिळून जास्तीत जास्त चार. नुसत्या रक्तावर आमवात ठरतच नाही. २०१९ च्या ल्युपस निकषांतही पॉझिटिव्ह एएनए हे फक्त प्रवेशद्वार आहे.

म्हणून ‘संधिवात पॅनेल’ लिहिण्याआधी सांधे दाबून पाहायला हवेत. आमवाताच्या वीस-तीस टक्के रुग्णांत आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. निव्वळ रिपोर्टवर वर्षानुवर्षांची औषधे सुरू होऊ नयेत, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सांधे सुजलेल्या माणसाला उपचाराविना परत पाठवले जाऊ नये.