मोटारीची राखण करणारी पट्टी

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात, हे आपण पाहिलेच आहे. धाव तापवली की फुगते आणि चाकावर बसते. गार झाली की आवळते. तापले की फुगायचे, हा धातूचा स्वभावच आहे.

पण सगळे धातू सारखे फुगत नाहीत. पितळ लोखंडाच्या सुमारे दीडपट फुगते. इन्व्हार नावाचा धातू तर जवळजवळ फुगतच नाही. त्याच्या १०० भागांत ३६ भाग निकेल असते, बाकीचे लोखंड. स्विस शास्त्रज्ञ शार्ल गियोम यांनी १८९६ साली तो शोधला.

आता जास्त फुगणारा आणि कमी फुगणारा, असे दोन धातू पक्के जोडून एक पट्टी केली. ती तापवली तर काय होईल? एक बाजू जास्त लांबेल, दुसरी कमी. मग पट्टी वाकेल. गार झाली की पुन्हा सरळ होईल. पट्टी लांब आणि पातळ असली तर जास्त वाकते. लांबी दुप्पट केली, तर वाक चौपट होतो. हा हिशेब करूनच कारखान्यात पट्टी बनवतात.

अशा पट्ट्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये असतात. त्या भागाला ओव्हरलोड रिले म्हणतात. पंप अडकला किंवा तीनपैकी एक फेज गेला, तर मोटार जादा वीज ओढते. त्या विजेने पट्टी तापते, वाकते आणि एक दांडी ढकलते. लगेच मोटार बंद होते. सुरू होतानाही मोटार थोडा वेळ पाच-सहा पट वीज ओढते. पण पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून तेवढ्याने मोटार बंद पडत नाही.

रिले कोणता निवडावा? मोटारीवरचा पत्रा वाचा. आपल्याला आता वाचता येते, त्याचा इथे उपयोग आहे. पत्र्यावर अँपिअरचा आकडा असतो. ५ हॉर्सपॉवरच्या तीन फेजच्या मोटारीला तो साधारण ७ ते ८ असतो. साध्या स्टार्टरमध्ये रिलेची चकती त्याच आकड्यावर हवी. मोठ्या मोटारीचा रिले लावला, तर पट्टी वेळेवर वाकणार नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. पेटी उन्हात असली, तर पट्टी आधीच तापून बसते. मग मोटार विनाकारण बंद पडते. म्हणून पेटी सावलीत लावा. काही रिलेमध्ये हवेच्या उष्णतेचा तोल राखणारी आणखी एक पट्टी असते. तसा रिले मिळाला तर तोच घ्यावा.

रात्री गव्हाला पाणी द्यायचे असते आणि मोटार सारखी बंद पडते. काही कास्तकार चिडून चकती वाढवतात, नाही तर रिले काढून तारा थेट जोडतात. असे करू नका. मोटार जळली, तर ती भरायला पैसे जातात आणि तोवर वावरातला गहू सुकतो. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. वायरमनला बोलवा, फेज तपासा, पंप पाहा. पट्टी वाकली, म्हणजे तिने आपल्याला वेळेवर सावध केले, एवढे समजा.