गाडीला पाच तारे, पण मागे बसलेल्या आजीचं काय? क्रॅश टेस्टमध्ये छातीचा धोका असा मोजतात

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावरून पेण, माणगाव, महाडकडे निघालेल्या गाड्यांमध्ये हे चित्र ओळखीचं आहे. पुढे मुलगा आणि सून, मागे आजी आणि नातवंडं. पुढच्या दोघांनी बेल्ट लावलेत, मागचे बेल्ट सीटकव्हरखाली दबलेत. 'गाडी फाइव्ह स्टार आहे' म्हणून सगळे निश्चिंत. पण हे तारे ठरवताना छाती कोणाची मोजली जाते?

चाचणी कशी होते?

'भारत एनकॅप' ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने, चेपल्या जाणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भागच त्यावर आपटतो. ओव्हरटेक करताना समोरच्या वाहनाशी होणारी अर्धवट धडक साधारण अशीच असते. पुढच्या सीटवर 'हायब्रिड थ्री' डमी बेल्ट लावून बसवतात. उंची सुमारे १७५ सेंमी, वजन सुमारे ७८ किलो, म्हणजे मध्यम बांध्याचा पुरुष.

डमीची छाती काय सांगते?

माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात, या डमीला पोलादाच्या ६. छातीच्या आतला सेन्सर छातीचं हाड पाठीच्या कण्याकडे किती मिलिमीटर दाबलं गेलं, ते मोजतो. डमीची छाती बरोबर चालते का, हे तपासायला तिच्यावर २३.४ किलोचा लंबक सेकंदाला ६.७ मीटर वेगाने आदळवतात.

मिलिमीटरवरून धोका कसा कळतो?

डमीची बरगडी मोडत नाही. म्हणून १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या मृतदेहांच्या छातीवर ठराविक आघात करून किती बरगड्या मोडतात ते नोंदवलं. अशा नोंदी डमीच्या मोजमापाशी जोडून धोक्याचे आलेख तयार झाले. युरोपातल्या 'युरो एनकॅप'च्या जुन्या नियमांत छाती २२ मिमी दबली तर गंभीर दुखापतीची शक्यता ५ टक्के आणि ५० मिमी दबली तर ५० टक्के धरलेली होती. 'गंभीर' म्हणजे, उदाहरणार्थ, तीन किंवा जास्त बरगड्या मोडणं. ही टक्केवारी एका माणसाचं भविष्य सांगत नाही. तशाच धडकेत सापडलेल्या शंभर जणांपैकी साधारण किती जणांना अशी इजा होईल, एवढंच ती सांगते.

मग आजीचा धोका किती?

तो या आकड्यात नाही. वयानुसार हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे छाती तेवढीच दबली तरी म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या लवकर मोडतात. शिवाय २०२३ च्या नियमांत मागच्या सीटवर लहान मुलांच्या डमी असतात, प्रौढांची नाही. आणि वेग? ताशी ९० किमीला गाडीची ऊर्जा ६४ च्या जवळपास दुप्पट होते.

बेल्ट नसेल तर हे सगळं गणितच कोसळतं, कारण डमीने बेल्ट लावलेला असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

निघण्याआधी काय पाहायचं?

- मागचे बेल्ट सीटकव्हरखालून बाहेर काढा. मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे, नाहीतर १,००० रुपये दंड होऊ शकतो.
- वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि छातीच्या मधोमध यावा, खालचा ओटीपोटावर नाही तर कमरेच्या हाडावर.
- पट्टा मानेला टोचतो म्हणून काखेखालून घेऊ नका. मग सगळा जोर खालच्या बरगड्यांवर येतो आणि त्यांच्यामागेच यकृत आणि प्लीहा असतात.
- स्टीअरिंगला चिकटून बसू नका. छाती आणि स्टीअरिंगमध्ये किमान २५ सेंमी अंतर ठेवा.

गाडी घेताना तारे जरूर पाहा. पण ते बेल्ट लावलेल्या, मध्यम बांध्याच्या डमीने मिळवलेले आहेत. आजीचा बेल्ट मात्र घरच्यांनीच लावून द्यायचा आहे.