गाय बसली, तर रक्त काय सांगते?



गळीत हंगाम आला की गोठ्यात वाढ्यांची चंगळ होते. हिरवा चारा आयता मिळतो म्हणून कित्येक ठिकाणी जनावर नुसत्या वाढ्यावरच राहते. पण वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते शेणावाटे निघून जाते. अशी गाय व्याली, चिकाला-दुधाला कॅल्शियम एकदम ओढले गेले, की एक-दोन दिवसांत ती बसण्याचा धोका असतो. मान कुशीकडे वळते, कान गार पडतात. नाव दुग्धज्वर, पण अंगात ताप नसतो!

मात्र बसलेली प्रत्येक गाय कॅल्शियमचीच नसते. पोटॅशियम किंवा फॉस्फरस कमी पडले, कासेचा जहाल आजार झाला, खुब्याला मार बसला, तरी ती उठत नाही. मग बाटलीमागून बाटली लावून काय उपयोग? रक्त तालुक्याला पाठवून उत्तर येईपर्यंत वेळ हातची जाते. म्हणून हातात मावणाऱ्या रक्ततपासणी यंत्राची माहिती आम्ही येथे देत आहोत.

'आय-स्टॅट' हे अशांपैकी एक. छोट्या कार्ट्रिजमध्ये रक्ताचे दोन-तीन थेंब घालायचे. आत प्रत्येक क्षारासाठी वेगळा संवेदक असतो. क्षाराच्या प्रमाणाप्रमाणे त्यावर सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, आणि यंत्र त्याचा आकडा करते. योग्य कार्ट्रिज असेल तर सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम काही मिनिटांत कळते. हगवण लागलेल्या वासरालाही याचा उपयोग आहे. त्याच्या रक्तात आम्ल वाढून पोटॅशियम चढते आणि हृदय दगा देऊ शकते.

पण यंत्राच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात :

1. कार्ट्रिज 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात, आणि यंत्र 16 ते 30 अंशांतच चालते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या गोठ्यात ते अडून बसणारच.

2. रक्त ताजे हवे, हवेत उघडे राहता कामा नये. रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच जास्त दिसते.

3. हे यंत्र मोकळे कॅल्शियम मोजते. ते एकूण कॅल्शियमच्या निम्म्याच्या आसपास असते. प्रयोगशाळेचा 8.5 ते 10 मिलिग्रॅमचा आकडा एकूण कॅल्शियमचा. दोन्हींची गल्लत करू नये.

4. फॉस्फरस व मॅग्नेशियम यात कळत नाही.

यंत्र एकट्यादुकट्याने घेण्याजोगे नाही. गावच्या दूध संस्थेने पशुवैद्यकांच्या सल्ल्याने विचार करावा. यंत्र नाही म्हणून उपचार मात्र थांबवू नका. गाय बसली की रात्र असो वा पहाट, डॉक्टरांना बोलवा. शिरेतून कॅल्शियम स्वतः देऊ नका. भराभर गेले तर हृदय बंद पडून उभ्या उभ्या जनावर जाते.

आणि मुळावरचा उपाय आपल्याच हाती आहे. वाढ्यात कडबा आणि द्विदल चारा मिसळा. खनिज मिश्रण किती व केव्हा, विशेषतः विण्याआधीच्या तीन आठवड्यांत, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उसाचे बिल हंगामात येते, पण दुधाचा पैसा घर रोज चालवतो. तो गोठा जपा, एवढीच विनंती.