हुकूम पालथा, बोली उघडी

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं दोन दिवसांत मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पुढचं सगळ्यांनी वाचलंय. आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या पत्त्यांच्या टेबलावर तेव्हा कुणीतरी बातमीचं कात्रण चिकटवलं आणि खाली लिहिलं, ‘येथे पत्ते खेळू नयेत.’ तिथं चार निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी तीनशेचार खेळायची, एक रुपयाही न लावता. त्यांनी कॅट पिशवीत टाकला आणि घरी गेली. उन्हाळ्याच्या सुट्या आल्या तरी ते टेबल रिकामंच आहे.

कायदा मला मनापासून मान्य आहे. फोनवर पत्ते खेळून पगार घालवलेली माणसं आपल्या नागपुरातही आहेत. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या वादाची पळवाटही कायद्यानं बुजवली हे बरं झालं. पण त्याचा रोख ऑनलाइन खेळात लावलेल्या पैशावर आहे, पत्त्यांवर नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं होतं आणि तिच्यातलं नशीब ब्रिजमध्ये पानं वाटताना जेवढं असतं त्याच जातीचं ठरवलं होतं. तीनशेचारसारख्या बोलीच्या खेळातून पैसा काढला तर काही कमी होत नाही, कारण बोलीत पणाला लागतो तो शब्द.

तीनशेचार मला आतोबांनी शिकवलं. ते वेंगुर्ल्याकडचे, रेल्वेतल्या नोकरीमुळे अजनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी बाहेर पडायची सोय नसे. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारायचं आणि सतरंजीवर डाव मांडायचा.

सत्तीपासून एक्क्यापर्यंत ३२ पानं, चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३, राणीचे २. अठ्ठी आणि सत्ती रिकाम्या. एका रंगाचे ७६ आणि चारही रंगांचे मिळून ३०४. पानांचा क्रमही हाच, म्हणजे गुलाम सगळ्यांच्या वर आणि राजा दश्शीच्याही खाली.

खरी गंमत वाटण्यात आहे. आधी चारच पानं मिळतात आणि तेवढ्यावर बोली करायची. बाकीची चार नंतर. सगळ्यात मोठी बोली ज्याची, तो हुकूम ठरवतो, पण सांगत नाही. त्या रंगाचं एक पान पालथं ठेवतो. उतारीचा रंग कुणाकडे नसेल, तेव्हा तो हुकूम उघडायला सांगतो. बोली कितीपासून सुरू करायची, हे घराघरात वेगळं. आमच्याकडे १६० पासून. एकूण गुणांचे निम्मे १५२ होतात, तेव्हा तोंड उघडणारा पहिल्या शब्दातच निम्म्याहून जास्त मागत असतो.

मी अकरा वर्षांची असतानाचा एक हात अजून डोळ्यांसमोर आहे. बदामाचा गुलाम, बदामाची नव्वी, इस्पिकचा एक्का, किलवरची सत्ती. मी १६० म्हटलं. पलीकडून १७० आले. मी १८० वर गेले आणि बदामाची नव्वी पालथी ठेवली. हातात होते ६१. उरलेले ११९ पुढच्या चार पानांतून आणि आतोबांच्या हातातून यायचे होते. त्यातला एक्काही माझाच राहील याची खात्री नव्हती, कारण इस्पिकचा गुलाम पलीकडे असला की तो गेलाच. आम्ही १७४ वर अडकलो. आतोबा रागावले नाहीत. सगळे हात उलटून ओळीनं लावले आणि मला विचारलं, “बदामाची किती पानं गेली होती तेव्हा?” मी मोजलीच नव्हती. “बोली तू केलीस, पण हरलो दोघं,” एवढंच म्हणाले आणि पत्ते पिसायला घेतले.

बोली सोडून टेबलावर बोलायला बंदी असते. खोकणं, भुवया उडवणं ही लबाडी. हातात काय आहे ते भिडूला सांगायचं तर आकड्यातूनच सांगायचं, आणि तो आकडा पलीकडचे दोघंही ऐकत असतात. एवढ्या अडचणीत नेमकं बोलायला मला दुसऱ्या कशानंच शिकवलं नाही.

हुकमाच्या साध्या पानाला राजाला मारण्याचा अधिकार आला कुठून? इथं मायकेल डमेट यांचं नाव घेतलंच पाहिजे. ऑक्सफर्डला तर्कशास्त्र शिकवणारे, विसाव्या शतकातले फार मोठे तत्त्वज्ञ. त्यांनी १९८० मध्ये ‘द गेम ऑफ टॅरो’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्या पत्त्यांवर लोक भविष्य पाहतात, ते पंधराव्या शतकात इटलीत निव्वळ खेळण्यासाठी जन्मले, भविष्य त्यांना अठराव्या शतकात चिकटलं, हे त्यांनी दाखवून दिलं. युरोपात पत्ते चौदाव्या शतकात पोचले. कुठल्याही रंगाला कापणारी वेगळी पानं, म्हणजे आपला हुकूम, त्यानंतरची. आपल्याकडचा सावंतवाडीचा गोल गंजिफा घ्या. दशावताराचे दहा रंग, १२० पानं, हात जिंकायची तीच रीत, पण हुकूम नाही. तिथं एका रंगाचं पान दुसऱ्या रंगाला कापत नाही. हुकमाच्या खेळात सत्तीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या राजाला उचलते. एवढा मोठा बदल पत्त्यांत पुन्हा झाला नाही, असं माझं मत आहे.

गुलामाचा मान मात्र बहुधा डचांकडून आला. त्यांच्या यास खेळात हुकमाचा गुलाम आणि नव्वी सगळ्यांच्या वर, एक्क्याचे ११ आणि दश्शीचे १०. श्रीलंका, केरळ, कर्नाटकची किनारपट्टी, कोकण, जिथं तीनशेचार किंवा त्याचं धाकटं भावंड अठ्ठावीस रुजलं, तिथं डच जहाजं येत होती. वेंगुर्ल्यात त्यांच्या वखारीची पडकी इमारत अजून उभी आहे. डच भाषेत किलवरला ‘क्लाव्हर’ म्हणतात.

नागपुरात पत्त्यांच्या भाषेची आणखी एक गाठ बसते. मराठीत हुकूम म्हणजे वरचढ ठरवलेला रंग, हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक. क्वार्टर्समध्ये शेजारी जबलपूरचे. आतोबांनी “हुकूम काय?” विचारलं की ते इस्पिकची पानं चाचपायचे. शेवटी ठरलं, आमच्या टेबलावर हुकमाला ‘तुरुप’ म्हणायचं. तो शब्द त्यांचा, खेळ आमचा.

बोलीच्या खेळातला सगळ्यात मोठा ब्रिज. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी त्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते. आमच्या हॉलमधले चौघं साधारण त्याच वयाचे आहेत.

सोसायटीनं ते कात्रण काढावं, एवढी विनंती मी लेखी दिली आहे. तुमच्याही घरात एखादा जुना कॅट असेलच. त्यातली दुर्रीपासून छक्कीपर्यंतची २० पानं बाजूला ठेवा आणि समोर एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला भिडू म्हणून बसवा. आधी चारच पानं वाटा.