पळी आणि इंग्लिश चांदीचा चमचा : अलंकरणाचे स्थान

'चमचा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'पळी' मात्र देवघरात टिकून राहिली. व्यासमंदिरामुळे परिचित असलेल्या यावलसारख्या खानदेशी गावातील जुन्या देवघरांत ताम्हन व पंचपात्र यांच्याबरोबर पळीही असते. तिच्या दांड्याच्या टोकाशी पुष्कळदा नागफणा घडविलेला दिसतो. पळी पंचपात्रात तिरपी उभी असते. तिचा खोलगट भाग पाण्यात बुडतो व टोक तेवढे दृष्टीस पडते. सारांश, वस्तू ठेवण्याची रीत आणि अलंकरणाचे स्थान यांचा निकट संबंध असतो.

इंग्लंडमधील जुन्या चांदीच्या चमच्यांवरून हा संबंध अधिक स्पष्ट होतो. पंधराव्या ते सतराव्या शतकांतील काही चमच्यांच्या टोकाशी ख्रिस्तशिष्यांच्या मूर्ती आढळतात. असे चमचे बाप्तिस्म्याच्या वेळी भेट देत. आपल्याकडे उष्टावणाला चांदीची वाटी व चमचा देतात, तसाच हा प्रकार होय. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चमचा मेजावर पालथा ठेवीत. म्हणून घराण्याचे चिन्ह दांड्याच्या मागील बाजूस कोरले जाई. लहान चमच्यांच्या पाठीवर जहाज, धान्याची पेंढी, पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी अशी चित्रेही उठवीत. सुमारे १७६० नंतर चमचा उताणा ठेवण्याची रीत रूढ झाली आणि कोरीवकाम पुढील बाजूस आले.

अलंकरणाखेरीज या चमच्यांवर ठसेही असतात. चालता सिंह हा ठसा १५४४ पासून आढळतो, तो ९२.५ टक्के शुद्धतेचा निदर्शक होय. १४७८ पासून लंडनमध्ये वर्षदर्शक अक्षर उमटवू लागले. वीस अक्षरांची माला संपली की अक्षराचे वळण बदले. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राज्यकर्त्याच्या मस्तकाचा ठसाही असे. त्यामुळे ठसे शाबूत असल्यास चमच्याचे वर्ष निश्चित करता येते.

भारतात चांदीच्या शासकीय प्रमाणांकनास २००५ मध्ये प्रारंभ झाला. त्यापूर्वीच्या घरगुती पळीवर असे वर्षाक्षर नसते. तिचा काळ घडणीवरून व कुटुंबाच्या स्मृतीवरून अजमावावा लागतो. सोनाराकडे मोड म्हणून दिली, की तिचे केवळ वजन उरते. म्हणून ती आटवण्यापूर्वी छायाचित्र, दांड्याची लांबी, टोकाची घडण आणि घरातील माणसे तिच्या भागांना देत असलेली नावे यांची नोंद करणे अगत्याचे आहे. वस्तू आटली, की तिच्या भागांची नावेही हळूहळू बोलीतून नाहीशी होतात.